नियंत्रकाच्या टेबलावर नवं यंत्र येतं तेव्हा

तिसरी पाळी

नमस्कार मंडळी. हवाई वाहतूक नियंत्रणात तीस वर्षांहून जास्त नोकरी करून निवृत्त झालो. ६ नोव्हेंबर २०२५ च्या दुपारी दिल्लीत यंत्रणा बिघडली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठशेहून जास्त विमानांना उशीर झाला. त्या दोन दिवसांत सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून मावसभावापर्यंत प्रत्येकानं मला एकच विचारलं, "अहो, इतकी जुनी यंत्रं कशाला वापरता? नवी का आणत नाहीत?" प्रश्न रास्त आहे, पण फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखा नाही. म्हणून हा धागा.

आधी दिल्लीत काय झालं ते. बंद पडली ती निरोप पोचवणारी यंत्रणा, एएमएसएस. विमान उडण्याआधी त्याचा फ्लाइट प्लॅन दाखल होतो आणि या यंत्रणेतून आपोआप नियंत्रकाच्या स्क्रीनवर येतो. तो यायचा थांबला. रडार आणि रेडिओ बंद नव्हते. प्लॅन माणसांनी हातानं भरले आणि त्यातच सगळा वेळ गेला. आमच्या सुरुवातीच्या काळात हातानंच काम चालायचं, पण तेव्हा विमानं किती होती! मुंबईत आज एका धावपट्टीवर तासाला ४६ विमानं हाताळली जातात. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. इतक्या गर्दीत हाताच्या वेगाला मर्यादा पडतेच.

आता संपर्काबद्दल. मुंबईची हद्द अरबी समुद्रात खूप आतपर्यंत जाते. आपला नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी किनाऱ्यावरून साधारण सव्वादोनशे नॉटिकल मैलांपलीकडे आवाज पोचत नाही. तिथून पुढे एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ. या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत फिरून खाली येतात म्हणून हजारो मैल जातात. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी चालते, रात्री खालची, आणि सांजसकाळी दोन्हींवर नुसती खरखर. त्यातून पायलटचा आवाज येतो, "मुंबई, मुंबई..." तो ऐकतो रेडिओ ऑपरेटर, नियंत्रक नाही. ऑपरेटर जागा, वेळ, लेव्हल (म्हणजे उंची), पुढच्या बिंदूचा अंदाज लिहून घेतो, परत वाचून दाखवतो आणि नियंत्रकाकडे पाठवतो. पायलटला वरची लेव्हल हवी असेल तर विनंतीही याच वाटेनं येणार आणि उत्तरही याच वाटेनं जाणार. एखाद्या वाईट रात्री यात वीस मिनिटं गेलेली मी पाहिली आहेत.

विमान नेमकं कुठे आहे हे दर मिनिटाला कळत नाही, म्हणून अंतर मोठं ठेवावं लागतं. एकामागून एक जाणाऱ्या विमानांत दहा मिनिटं, म्हणजे जेटच्या वेगानं सुमारे ८० नॉटिकल मैल. यावरचा उपाय म्हणजे सीपीडीएलसी. नियंत्रक आणि पायलट यांच्यात थेट लेखी निरोप. नियंत्रक स्क्रीनवरून 'अमुक लेव्हलला चढा' पाठवतो, पायलट वाचून 'विल्को' दाबतो, म्हणजे समजलं आणि करतो. १९९५ मध्ये बोइंग ७४७-४०० विमानांवर दक्षिण पॅसिफिकमध्ये याची सुरुवात झाली. विमान स्वतःची जागा उपग्रहामार्फत कळवायला लागलं की अंतर ५० मैलांवर येतं, आणि विमानाची दिशादर्शनाची अचूकता आणखी चांगली असेल तर ३० वर.

मी या सगळ्याच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट सांगतो. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या नियंत्रकासमोर तेव्हा फक्त प्राथमिक रडार होतं. त्यावर ठिपका दिसतो, उंची दिसत नाही. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं, आणि ते नियंत्रकाला दिसण्याचा मार्गच नव्हता. उंची दाखवणारं दुय्यम रडार वापरात आलेलं नव्हतं. यंत्र उशिरा आलं की काय होतं, हे आमच्या पिढीला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पण नवं यंत्र आणणं आणि ते नियंत्रकाच्या हाती देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यावर पैसा आणि लक्ष दोन्ही जातं. दुसऱ्याकडे, माझ्या अनुभवात, शेवटच्या महिन्यात कोणाचं तरी लक्ष जातं. एक प्रसंग सांगतो, जागेचं नाव सांगत नाही. नवं संपर्क पॅनल बसलं होतं. जुन्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीला खटका होता, अंधारात बोटांना कळायचा. नव्यावर सपाट टचपॅनल, 'ऐका' आणि 'बोला' शेजारी शेजारी. गर्दीच्या वेळी दोन सेक्टर, म्हणजे आकाशाचे दोन भाग, एक केले आणि माझ्या सहकाऱ्याकडून दुसरी फ्रिक्वेन्सी फक्त 'ऐका'वर राहिली. तो विमानाला वळायला सांगत होता, विमान सरळ जात होतं. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यानं टेबलाखालचा स्टँडबाय, म्हणजे राखीव रेडिओ सेट उचलला आणि त्यावरून बोलला. विमान वळलं. तो सेट 'आता गरज नाही' म्हणून आठवड्याभरात काढायचा ठरला होता.

इथे कोणी पायलट, इंजिनिअर, या क्षेत्रातले असतील तर लिहा. मला तुमची बाजूही ऐकायची आहे.

केळफूल

फार छान लिहिलंय. विमानात बसून खिडकीतून समुद्र बघताना खाली कोणी असं खरखरीत कान लावून बसलंय हे कधी मनातही आलं नव्हतं. पुलेशु.

स्क्वॉक

पायलट आहे. आफ्रिकेच्या आणि आखाताच्या फेऱ्या बऱ्याच केल्या. काका, एचएफचं वर्णन अगदी खरं आहे. चार तास ती खरखर कानात घेऊन बसलं की उतरल्यावरही डोक्यात चालू राहते. सेलकॉल असतो, म्हणजे आमच्या विमानाचा ठरलेला सूर वाजला की आम्ही हेडसेट चढवायचा, म्हणून तेवढी सुटका. तरी एका लेव्हलसाठी पंधरा मिनिटं मागे लागणं, समोर ढग वाढताना, ही गोष्ट ज्यानं केली त्यालाच कळेल. सीपीडीएलसीवर मुंबईच्या हद्दीचा कोड व्हीएबीएफ टाकून मुंबईला लॉगऑन केलं आणि जोडणी झाली की कॉकपिटमध्ये दोघांचेही खांदे खाली येतात. निरोप लेखी असतो, आकडा चुकीचा ऐकण्याचा प्रश्न नाही. 'दोनशे नव्वद' की 'तीनशे दहा' हा वाद नाही.

पण एक गोष्ट जाते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकतात. माझ्या पुढच्या विमानाला धक्के बसतायत, कोणीतरी ढग टाळायला डावीकडे मागतोय, कोणाच्या तरी आवाजात ताण आहे, हे मला न विचारता कळतं. लेखी निरोप त्या एका विमानालाच जातो. म्हणजे समुद्रावर मी आता जास्त सुरक्षित आहे, पण जास्त एकटाही आहे.

आणि विमानतळाजवळ लेखी निरोपाचा उपयोग नाही हेही लोकांना सांगायला हवं. 'लगेच डावीकडे वळा' हे टाइप करायला, पाठवायला, वाचायला वेळ नसतो. उलट उडण्याआधीची परवानगी मात्र लेखीच हवी. लांबलचक मार्ग, उंची, स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखायचा आकडा), सगळं घाईत ऐकून लिहायचं आणि परत वाचायचं, यात चुका होतात. अमेरिकेत साठाहून जास्त विमानतळांवर ही परवानगी आता डेटालिंकनं येते. वादळामुळे मार्ग बदलला की वीस विमानांना एकेक करून नवा मार्ग वाचून दाखवायचा, ते काम तिथे वाचतं.

अर्धविराम

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, विमानांशी संबंध प्रवाशाचाच. तरी एक बाजू मांडतो. वरच्या सगळ्या उदाहरणांत माणूस कमी पडला म्हणून यंत्र हवं झालं. मग यंत्रालाच जास्त काम का देऊ नये? दोन विमानं जवळ येणार हे गणित संगणक माणसापेक्षा आधी करतो. उपायही तोच सुचवू शकतो. नियंत्रकानं फक्त लक्ष ठेवावं.

तिसरी पाळी

@अर्धविराम, संगणक ते गणित आजही करतो. दोन विमानं ठरावीक वेळात ठरावीक अंतराच्या आत येणार असं दिसलं की लेबल लाल होतं, आवाज होतो. ही सोय नसती तर माझ्या नोकरीतल्या दोन रात्री वेगळ्या गेल्या असत्या, एवढंच लिहितो.

अडचण खोट्या इशाऱ्यांची आहे. एक विमान १२ हजारांवर थांबायला चढतंय, दुसरं १३ हजारांवर जातंय. संगणकाला चढण्याचा वेग दिसतो, मी दिलेली मर्यादा त्याला माहीत नसेल तर तो ओरडतो. दिवसाला असे चाळीस इशारे आले की एकेचाळिसाव्याला मान वळायला अर्धा सेकंद जास्त लागतो. मग कोणीतरी म्हणतं, जरा इशारे कमी करू या. ६ ऑगस्ट १९९७ ला पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर कोरियन एअरचं ८०१ विमान धावपट्टीआधी डोंगरावर आदळलं, २२८ माणसं गेली. विमान जमिनीच्या फार जवळ आलं की नियंत्रकाला सावध करणारी यंत्रणा तिथे होती. पण खोटे इशारे फार येतात म्हणून तिच्यात असा बदल केला होता की विमानतळाभोवतीच्या ५४ मैलांत ती गप्प राहायची. यंत्र बसवलेलं होतं, कागदावर चालू होतं.

आणि 'फक्त लक्ष ठेवावं' हे ऐकायला सोपं वाटतं. आठ विमानांशी स्वतः बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात आकाशाचं चित्र असतं. नुसतं बघत बसलेल्याच्या डोक्यात ते दहा मिनिटांत फिकट होतं. मग यंत्र थांबलं की त्याला ते चित्र शून्यातून उभं करायचं असतं, आणि विमानं तर थांबत नाहीत.

केळफूल

एक प्रश्न. बातम्यांमध्ये 'स्ट्रिप' हा शब्द वाचला. ती काय असते?

तिसरी पाळी

कागदाची लांबट पट्टी. बोटभर रुंद. प्रत्येक विमानाची एक. त्यावर विमानाचं नाव, प्रकार, मार्ग, लेव्हल, कुठे किती वाजता पोचणार. ती प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये सरकवायची आणि समोरच्या बोर्डवर लावायची. लेव्हल बदलली की जुना आकडा पेनानं काटायचा आणि शेजारी नवा लिहायचा. दोन विमानांत पुढे अडचण होणार असं वाटलं की त्यांच्या पट्ट्या बोर्डातून थोड्या बाहेर ओढून तिरक्या ठेवायच्या. पाळी बदलताना पुढचा माणूस मागे येऊन उभा राहायचा आणि मी तोंड उघडायच्या आधी त्याची नजर त्या तिरक्या पट्ट्यांवर जायची.

आता बऱ्याच ठिकाणी स्ट्रिप स्क्रीनवर आहे. चांगली आहे, हरवत नाही, अक्षर वाचता येतं, बदल सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. पण होल्डर बोर्डावर सरकल्याचा तो खट्‌ आवाज यायचा तेव्हा शेजारच्याला न बघता कळायचं की माझ्याकडे एक विमान वाढलं. हे कोणाच्या गरजांच्या यादीत लिहिलेलं नसतं, कारण ज्यानं यादी केली तो त्या खुर्चीत बसलेला नसतो.

अर्धविराम

काका, मी माझं आधीचं मत थोडं मागे घेतो. आमच्याच क्षेत्रातलं उदाहरण आठवलं आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२८ ऑगस्ट २०२३, ब्रिटनमध्ये सुट्टीचा दिवस. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा फ्लाइट प्लॅन आला. त्याच्या मार्गात डीव्हीएल नावाचे दोन बिंदू होते. एक अमेरिकेत नॉर्थ डकोटातलं डेव्हिल्स लेक, दुसरा फ्रान्समधलं दोव्हिल. मध्ये सुमारे चार हजार नॉटिकल मैल. प्लॅन नियमाप्रमाणे बरोबर होता. ब्रिटनच्या यंत्रणेनं आपल्या हद्दीतून बाहेर पडण्याचा बिंदू शोधताना भलताच डीव्हीएल धरला, हिशोब जुळेना, आणि चुकीची माहिती नियंत्रकाला देण्यापेक्षा बंद पडणं बरं म्हणून प्रोग्रॅम थांबला. इथवर मी समजू शकतो. मग बॅकअपनं काम हातात घेतलं. बॅकअपमध्ये तोच प्रोग्रॅम. त्यानं तोच प्लॅन उचलला. तोही थांबला. सगळं मिळून वीस सेकंदांच्या आसपास. पुढे चार तासांचे प्लॅन शिल्लक होते, मग हातानं. सात लाखांहून जास्त प्रवासी अडकले. ज्या इंजिनिअरची गरज होती तो घरी होता, दुरून जमेना, तिथे पोचायला दीड तास गेला.

आम्ही ग्राहकाला 'दोन सर्व्हर आहेत, काळजी नको' असं रोज सांगतो. दोन्हींवर एकच चूक असेल तर दुसरा सर्व्हर तीच चूक पुन्हा करायला ठेवलेला असतो. काकांच्या टेबलाखालचा सेट खरा बॅकअप होता, कारण तो वेगळ्या जातीचा होता. त्याला पॅनलशी काही देणंघेणं नव्हतं.

स्क्रीनबद्दलही एक. दक्षिण इंग्लंडमधलं स्वॉनविकचं नियंत्रण केंद्र जानेवारी २००२ मध्ये सुरू झालं, ठरल्यापेक्षा सहा वर्षं उशिरा. सुरू झाल्यावर नियंत्रकांची तक्रार आली की अक्षरं बारीक आहेत. ग्लासगोचा कोड ईजीपीएफ, कार्डिफचा ईजीएफएफ. पी आणि एफ यांत फरक दिसेना. इतक्या वर्षांच्या कामात खऱ्या खुर्चीत, खऱ्या उजेडात, थकलेल्या डोळ्यांनी ते वाचून बघणं कुठेतरी राहून गेलं. मी स्वतः स्क्रीन डिझाइन करतो, त्यामुळे हे वाचल्यापासून मनाला लागून आहे.

हडसनकाठ

न्यू जर्सीत राहतो, न्यूआर्क विमानतळापासून वीस मिनिटांवर. घरचे सगळे मुंबईहून इथेच उतरतात, त्यामुळे २०२५ चा उन्हाळा चांगलाच लक्षात आहे.

न्यूआर्कला येणारी-जाणारी विमानं पूर्वी न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या केंद्रातून हाताळली जायची. तिथे माणसं पुरत नव्हती म्हणून जुलै २०२४ मध्ये ते काम फिलाडेल्फियाला हलवलं. माणसं हलली, पण रडारची माहिती न्यूयॉर्कहूनच तारांवरून येत राहिली, त्यात जुन्या तांब्याच्या ताराही होत्या. २८ एप्रिल २०२५ ला ती वाट तुटली. रडार सुमारे ९० सेकंद अंधारात, रेडिओही काही काळ बंद. हवेत विमानं होती आणि नियंत्रकाला ती दिसत नव्हती, त्यांच्याशी बोलताही येत नव्हतं. अपघात झाला नाही. त्या पाळीतले काही जण नंतर मानसिक धक्क्यामुळे रजेवर गेले, आणि आधीच कमी असलेली माणसं आणखी कमी झाली. आठवडाभर विमानं रद्द होत राहिली. माझी आई तेव्हा येणार होती, तिचं तिकीट दोनदा बदललं.

त्यानंतर नव्या फायबर लाइन टाकल्या, सगळ्या देशाची यंत्रणा नव्यानं उभारायची घोषणा झाली आणि जुलैत संसदेनं १२.५ अब्ज डॉलर मंजूर केले. इथे काही ठिकाणी फ्लॉपी डिस्क आणि कागदी स्ट्रिप अजून आहेत, हे इथल्या हवाई वाहतूक खात्याच्या प्रमुखांनीच २०२५ मध्ये जाहीर सांगितलं. मी या पैशाच्या बाजूचा आहे. पण मागचा अनुभव विसरू नये असं वाटतं. मोठ्या मार्गावरच्या केंद्रांसाठीची ईरॅम ही यंत्रणा २०१० मध्ये पुरी व्हायची होती, ती २०१५ मध्ये झाली. सॉल्ट लेक सिटीला आधी लावली तेव्हा इतक्या अडचणी आल्या की जुन्या यंत्रणेवर परत जावं लागलं. परत जाता आलं, कारण जुनी अजून तिथे होती.

स्क्वॉक

@हडसनकाठ, ९० सेकंद म्हणजे काय ते प्रवाशांसाठी लिहितो. उतरण्याच्या टप्प्यात आम्ही मिनिटाला तीन-चार मैल जातो. दीड मिनिटात पाच-सहा मैल. तिथे दोन विमानांत ठेवायचं अंतर असतं तीन मैल.

सांजवात

हा धागा कालपासून वाचतेय, आज लिहायला वेळ मिळाला. मी सीएनएसमध्ये (संपर्क, दिशादर्शन आणि टेहळणी) आहे, म्हणजे ज्या यंत्रांबद्दल तुम्ही सगळे बोलताय ती चालू ठेवणारी. कुठे ते लिहीत नाही. सर, तुमच्या त्या प्रसंगात टचपॅनल बसवणारी माझ्यासारखीच कोणीतरी असेल, म्हणून आमच्या बाजूनं सांगते.

नवी यंत्रणा आली की आम्ही ती आधी शॅडो मोडमध्ये चालवतो. नव्या स्क्रीनवर सगळं खरं दिसतं, पण सूचना जुन्यावरूनच जातात. नियंत्रक शेजारी बसून दोन्ही जुळतंय का बघतो. त्यासाठी प्रत्येक जागेवर दोन माणसं लागतात, आणि घोडं तिथेच अडतं. रोस्टरवर एकच माणूस असतो. त्याला सिम्युलेटरवर पाठवायचं तर त्याची जागा कोण घेणार? मग शॅडोचे दिवस कापले जातात. आम्ही यंत्र चोवीस तास तपासू शकतो, पण माणसाचा हात बसायला जे दिवस लागतात ते कुठून आणायचे?

आणि दुसरं, बदलाची रात्र. काम नेहमी रात्री करतात, कारण रहदारी कमी. प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला उबरलिंगेनजवळच्या दोन विमानांच्या टक्करीचा अहवाल वाचायला दिला होता. १ जुलै २००२, रात्री साडेअकरानंतर, जर्मनीवर, पण नियंत्रण झ्युरिककडे. तिथे त्या रात्री यंत्रणेवर काम चालू होतं. रहदारी कमी म्हणून एक नियंत्रक विश्रांतीला गेला होता, तशी तिथली रीत होती. उरलेला एकटा दोन जागा सांभाळत होता, एका खुर्चीवरून दुसरीकडे सरकत. कामासाठी मुख्य टेलिफोन लाइन बंद केली होती आणि पर्यायी लाइनमध्ये बिघाड होता. तो शेजारच्या विमानतळाला फोन लावत राहिला, लागेना. विमानं जवळ येतायत असा स्क्रीनवरचा इशाराही त्या रात्री दिसत नव्हता. जर्मनीतल्या कार्ल्सरुहे केंद्राच्या नियंत्रकाच्या स्क्रीनवर इशारा आला, त्यानं झ्युरिकला अकरा वेळा फोन लावला. लागला नाही. झ्युरिकच्या माणसाला विमानं दिसली तेव्हा ४३ सेकंद उरले होते. त्यानं रशियन विमानाला खाली जायला सांगितलं, विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, टीकॅस, त्याच वेळी वर जा म्हणत होती. ७१ माणसं गेली, त्यात ५२ मुलं.

मला त्यातली एकच गोष्ट सोडत नाही. काम ठरलेलं होतं, कागद निघाला होता. पण त्या कामानं नेमकं काय काय बंद होणार हे खुर्चीतल्या माणसापर्यंत पोचलेलं नव्हतं. ते सांगणं यंत्र लावणाऱ्यांचं काम होतं. म्हणजे माझं.

तेव्हापासून मी कामाच्या कागदावर शेवटी एक ओळ स्वतःच्या हातानं लिहिते. 'आज रात्री हे चालणार नाही', आणि पुढे यादी. मग नियंत्रकाजवळ जाऊन ती मोठ्यानं वाचते. काही जण म्हणतात, मॅडम कळलं हो. तरी वाचते.

झाडीपट्टी

मुलगी गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत नियंत्रकाचं शिकते आहे. आम्ही जवळच राहतो, तरी होस्टेलवर ठेवलं कारण अभ्यास फार आहे. हे सगळं वाचून धडधडलं, पण बरंही वाटलं. तिसरी पाळी सर, एक विचारू? तिचे काका तिला म्हणाले, दहा वर्षांत हे काम यंत्रच करणार, तू कशाला शिकतेस. ती दोन दिवस गप्प होती. काय सांगू तिला?

तिसरी पाळी

ताई, तिला सांगा, मन लावून शिक. दहा वर्षांत तिच्यासमोरची स्क्रीन दोनदा बदलेल. बोलण्याचं काम कमी होईल, लेखी निरोप वाढतील, स्वीडनसारखे काही छोटे टॉवर कॅमेऱ्यांवर दुरून चालतील. २०१५ मध्येच तिथला ओर्नशेल्सविकचा विमानतळ सुंड्सवालहून चालवायला सुरुवात झाली. पण तिथेही खुर्चीत नियंत्रकच बसलाय.

दोन गोष्टी तिला आत्ता करायला सांगा. सिम्युलेटरवर इन्स्ट्रक्टरला म्हणायचं, आज माझं रडार मध्येच बंद करा. कागदावर पेननं लेव्हल, वेळ, अंदाज लिहून विमानं वेगळी ठेवायची सवय हातात बसली की यंत्र गेल्यावर हात थरथरत नाही. आणि नवं यंत्र आलं की चाचणीला स्वतःहून नाव द्यायचं. काही खटकलं तर पहिल्याच दिवशी लेखी द्यायचं, नवी आहे म्हणून गप्प बसायचं नाही. ईजीपीएफ आणि ईजीएफएफमधला घोळ कुठल्या तरी नव्या डोळ्यांनीच आधी टिपला असता.

@सांजवात, तुमची ती ओळ मी वाचली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या काळात कोणी जवळ येऊन मोठ्यानं वाचलं असतं तर फार बरं झालं असतं. वाचत राहा.

झाडीपट्टी

सर, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा तिला पाठवला. 'उद्याच इन्स्ट्रक्टरना विचारते' असं आलं.

सांजवात

सर, योगायोग बघा. आज रात्रीच आमच्याकडे संपर्क पॅनलचा बदल आहे. शॅडोचे दिवस ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले, या वेळी एकही कापू दिला नाही. दोन नियंत्रक बसणार, दोघेही जागेवर, विश्रांती बदलानंतर. सकाळी लिहिते.

केळफूल

वाट बघतेय.

सांजवात

सकाळचे सव्वासात. पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू केलं, चारच्या आधी संपलं. यादी वाचून दाखवली, सात गोष्टी होत्या. शेजारच्या युनिटची हॉटलाइन आम्ही दोनदा लावून बघितली आणि एकदा त्यांच्याकडून लावायला सांगितली, कारण बाहेर जाणारा फोन लागतो म्हणजे आत येणारा लागतोच असं नाही. एका फ्रिक्वेन्सीवर आवाज फुटत होता. ती परत जुन्या पॅनलवर घेतली, बाकीच्या नव्यावर ठेवल्या. 'ऐका' आणि 'बोला' यांचे रंग वेगळे करून घेतले होते, मध्ये एक रिकामं बटण सोडलंय. नियंत्रकानं टेबलाखालचा स्टँडबाय सेट काढला, त्यावर एक रेडिओ चेक केला, आणि जागेवर ठेवून दिला.

जुनं पॅनल महिनाभर काढायचं नाही असं लेखी घेतलंय. आता झोपते.